साखर ओळखते कोण? घड्याळ की लेप?

मागच्या आठवड्यात तिवस्यातल्याच एका काकांनी दवाखान्यात हात पुढे केला. मनगटावर नवे घड्याळ. “डॉक्टरसाहेब, आता बोट टोचाचं कामच नाही. हे घड्याळच साखर सांगते.” घड्याळात १२० दिसत होते. आमच्या यंत्रावर २८० निघाली! घड्याळावर विसंबून काकांनी आठ दिवस गोळ्या बंद ठेवल्या होत्या.

वाचकहो, साखर तपासण्याच्या पट्टीवर एका विकराचा लेप असतो. रक्तातले ग्लुकोज ओळखतो तो हा लेप. त्यांच्या क्रियेतून निर्माण झालेली सूक्ष्म वीज यंत्र मोजते. लेप बिघडला की आकडाही चुकतो.

याच तत्त्वावर नवे संशोधन चालू आहे. गाइम व नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये मँचेस्टरला चिकटपट्टीने ग्रॅफाइटचा एक अणू जाडीचा पापुद्रा सोलला. २०१० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. ग्रीसमध्ये वापरल्या जाणाऱ्या मॉलिब्डेनम डायसल्फाइडचाही असा पापुद्रा निघतो. हा पापुद्रा अर्धवाहक असतो. मध्ये मॉलिब्डेनम, वर-खाली गंधक. जाडी केसाच्या साधारण लाखाव्या हिश्श्याएवढी. एवढ्या पातळ वस्तूला आतला भाग असा नसतोच, सगळा पृष्ठभाग! म्हणून तिला काहीही चिकटले की तिच्यातून वाहणारी वीज बदलते.

पण घाम, दमट हवा आणि साखर यांतला फरक पापुद्र्याला कळत नाही. तो शिकवावा लागतो. पापुद्र्यातला एखादा गंधकाचा अणू गळालेला असतो. त्या रिकाम्या जागी गंधकयुक्त रेणूचे एक टोक बसवतात आणि दुसऱ्या टोकाला विकर किंवा प्रतिद्रव्य जोडतात. मग कुलपाला आपलीच किल्ली लागावी तसा तो हवा तोच पदार्थ पकडतो. मात्र प्रत्येक पापुद्रा सारखा बनवणे आणि रक्ता-घामात तो टिकवणे अवघड आहे. म्हणून हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे.

न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळांवर व अंगठ्यांवर विसंबू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. त्वचेखाली बारीक तार जाणारे मान्यताप्राप्त सेन्सर वेगळे. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरावेत.

तेव्हा एवढे पाळा :

• पट्टी काढताच डबीचे झाकण घट्ट लावा.

• आपल्याकडच्या उन्हाळ्यात डबी पत्र्याखाली किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवू नका.

• मुदत संपलेली पट्टी वापरू नका.

• तपासणीपूर्वी हात धुऊन कोरडे करा.

• घड्याळाच्या आकड्यावरून गोळी किंवा इन्सुलिन कधीही बदलू नका.

काकांच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. घड्याळ आता फक्त वेळ सांगते.