बोटभर उंचीची किंमत

ज्या घरात सध्या गाडी घ्यायचं घाटतं आहे, तिथं एक शब्द हमखास कानावर येतो : एसयूव्ही. मुलगा म्हणतो, घ्यायची तर एसयूव्हीच. सून विचारते, पार्किंगमध्ये मावेल ना? आजोबांना ॲव्हरेज हवं असतं. आणि जिच्या गुडघ्यांच्या नावानं ही सारी चर्चा सुरू झाली, त्या आजीला मात्र कुणी काही विचारत नाही.

आपण जिला एसयूव्ही म्हणतो ती बहुतेक वेळा एसयूव्ही नसतेच. अस्सल एसयूव्ही ही जीपच्या वंशातली. खाली शिडीसारखी भक्कम चासी आणि तिच्यावर वेगळी बसवलेली बॉडी. १९९४ची सुमो किंवा २००२ची स्कॉर्पिओ त्या घराण्यातल्या. उलट ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू, पंच यांचा सांगाडा साध्या मोटारीसारखा एकसंध आणि इंजिनाची ताकद फक्त पुढच्या चाकांना. म्हणजे चिखलात रुतल्यावर त्यांची आणि तुमच्या जुन्या मारुतीची गत सारखीच. मोटारीला टाचा लावून उंच केलेल्या या वाणाला क्रॉसओव्हर म्हणतात. आपल्याकडे २०१२ साली डस्टर, २०१३ साली इकोस्पोर्ट आणि २०१६ साली ब्रेझा आली, आणि लोकांना या उंचीची चटक लागली. २०२४ साली तर देशात सर्वाधिक खपलेली मोटार होती टाटांची पंच.

ही उंची असते तरी किती? मारुतीच्या दोन गाड्या शेजारी शेजारी ठेवून पाहा. बलेनो ही हॅचबॅक आणि फ्रॉन्क्स ही तिच्याच पायावर बांधलेली, २०२३ साली आलेली क्रॉसओव्हर. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर दोघींचं तेच, २५२० मिलिमीटर. १.२ लिटरचं इंजिनही तेच. बलेनोच्या पोटाखाली १७० मिलिमीटर जागा, फ्रॉन्क्सच्या पोटाखाली १९०. फरक २० मिलिमीटरचा, म्हणजे आडव्या धरलेल्या एका बोटाचा. त्यात पाच माणसं आणि लग्नाच्या बॅगा भरल्या की गाडी खाली बसते ती वेगळीच. डिकी बलेनोची ३१८ लिटर आणि दिसायला दांडगी असलेल्या फ्रॉन्क्सची ३०८. सामानच न्यायचं असेल तर डिझायरसारखी सेदान ३८२ लिटर जागा देते. माणसं न्यायची असतील, कुलदैवताला सात जणांनी जायचं असेल, तर अर्टिगाला पर्याय नाही. (सामानासाठी सर्वांत सोयीची असते ती स्टेशन वॅगन. १९९२ साली टाटांनी ‘इस्टेट’ नावाची देखणी वॅगन पुण्यात काढली होती. आपल्या लोकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. असो.)

गोंधळ होतो तो दोन उंचींची सरमिसळ केल्यामुळे. एक पोटाखालची उंची, दुसरी बसण्याची. आजीच्या गुडघ्यांना हवी असते ती दुसरी. सेदानमध्ये खड्ड्यात उतरल्यासारखं बसावं लागतं. जीपमध्ये चढावं लागतं. सीट कमरेच्या जरा खाली असली की माणूस खुर्चीवर टेकावा तसा टेकतो आणि पाय आत घेतो. क्रॉसओव्हरमध्ये हे सुख आहे, नाही असं नाही. पण ते १९९८च्या सॅन्ट्रोत होतं आणि १९९९ साली आलेल्या वॅगनआरमध्ये आजही आहे, तेही बऱ्याच कमी पैशात. वॅगनआरमधून उतरताना शेजारी वळून बघत नाहीत एवढंच.

आता थोडा हिशेब. बँकेत असताना वाहनकर्जाचे अर्ज तपासायचं काम पुष्कळ केलं आणि ती सवय जात नाही. हॅचबॅकऐवजी एक पायरी वरची क्रॉसओव्हर घेतली तर दोन लाखांचा फरक सहज पडतो. ते दोन लाख नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ३,२०० रुपयांनी वाढतो आणि फेडताना दोन लाख सत्तर हजार होतात. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं सात वर्षांचं कर्ज घेताना निवृत्तीची तारीख कॅलेंडरवर आधी पाहावी. करही मीटरपट्टीनं लागतो. २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरपर्यंत लांब आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला जीएसटी १८ टक्के, त्यापलीकडे ४०. ब्रेझा चार मीटरांत बसते, पण इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती चाळिसाच्या रांगेत.

पुराची भीती हे दुसरं कारण सांगितलं जातं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी बोटभर उंचीनं कुणाचं काय वाचलं असतं? पाणी इंजिनात शिरतं ते हवा ओढणाऱ्या नळीतून. बंद पडलेली गाडी पाण्यात पुन्हा सुरू केली की इंजिन कामातून जातं, आणि इंजिनासाठी वेगळा विमा घेतला नसेल तर ती भरपाई बहुधा मिळत नाही.

मग ही गाडी घेऊच नये का? ज्यांच्या घरी एकच गाडी आहे, तीच ऑफिसला, तीच दवाखान्यात आणि तीच गणपतीला कोकणात लाल मातीच्या वाटेनं घरापर्यंत न्यायची आहे, त्यांनी जरूर घ्यावी. सगळं थोडं थोडं जमणारी गाडी त्यांनाच उपयोगी. फ्लॅट ते ऑफिस एकट्यानं जाणाऱ्यानं मात्र हॅचबॅक घ्यावी आणि उरलेल्या पैशांची मुदत ठेव करावी. शोरूममध्ये जाताना आजीला बरोबर न्या. तिला तीनदा बसू द्या, तीनदा उतरू द्या. पुढे नाही, मागच्या सीटवर, कारण घरची गाडी झाल्यावर ती तिथंच बसणार आहे.

राहिला खालून घासण्याचा प्रश्न. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. असा सौम्य उंचवटा कुठलीही साधी मोटार न घासता ओलांडते. मी टेप घेऊन आमच्या सोसायटीच्या फाटकातला गतिरोधक मोजला : उंची १७ सेंटिमीटर, रुंदी जेमतेम दीड फूट. सभेत मी तो फोडून नियमानं बांधायची सूचना मांडली. खर्च निघाला काही हजारांचा. सेक्रेटरी म्हणाले, “काका, कशाला? आता सगळेच उंच गाड्या घेताहेत.” विषय पुढच्या सभेवर गेला आहे.