‘उद्या नक्की करतो’ म्हणता म्हणता वर्ष गेलं? एडीएचडी असताना रखडलेली कामं कशी हातात घ्यायची?

गेल्या वर्षीचं आयकर रिटर्न भरायचं राहिलंय. कारण विचाराल तर अगदी क्षुल्लक: पोर्टलचा पासवर्ड आठवत नव्हता. मग मुदत संपली. आता तर ‘आयकर’ शब्द दिसला तरी फोन उलटा ठेवावासा वाटतो. घरचे म्हणतात, “तासाभराचं काम, नुसता आळस!”

एडीएचडी म्हणजेच ‘अटेन्शन डेफिसिट हायपरॅक्टिव्हिटी डिसऑर्डर’ असलेल्या अनेकांच्या आयुष्यात असं एखादं तरी काम असतंच. पण हा खरंच आळस आहे का?

फॉर्म भरणं इतकं जड का जातं?

एडीएचडी ही मेंदूच्या विकासाशी संबंधित स्थिती आहे आणि तिची लक्षणं लहानपणापासून दिसतात. मानसिक आजारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या २०१३ सालच्या ‘डीएसएम-५’ या ग्रंथातल्या लक्षणांच्या यादीत, बराच वेळ डोकं लावावं लागणारी कामं टाळणं हे एक लक्षण आहे. मोठ्या माणसांसाठी त्यात फॉर्म भरण्याचं उदाहरणही दिलेलं आहे!

काय करायचं हे या लोकांना माहीत असतं. अडतं ते सुरुवात करताना. लांबचा फायदा त्यांच्या मेंदूला पुरेसा धक्का देत नाही. उद्याच शेवटची तारीख आहे म्हटल्यावर मात्र हीच माणसं रात्रभर जागून काम उरकतात.

मुदत टळली की अडचण वाढते

तारीख उलटून गेली की तो धक्काही संपतो. उरते फक्त लाज. काम आठवलं की जीव घाबरा होतो आणि ते बाजूला सारलं की क्षणभर बरं वाटतं. त्या बरं वाटण्यामुळेच पुढच्या वेळी टाळणं आणखी सोपं होतं. म्हणजे काम तेवढंच राहतं, पण त्याचं ओझं वाढत जातं.

नुकसानही खरं असतं. रिटर्न उशिरा भरलं तर ५ हजार रुपयांपर्यंत शुल्क लागू शकतं. आणखी लांबलं तर रिफंड मिळणंही अवघड होतं.

मग सुरुवात कुठून करायची?

१. यादीतलं काम लहान करा. ‘रिटर्न भरणे’ हे एक काम नाही, त्यात सात-आठ कामं आहेत. आज यादीत फक्त ‘पासवर्ड बदलणे’ एवढंच लिहा. ते झालं की आजचं काम झालं.

२. काम रोजच्या सवयीला जोडा. ‘या आठवड्यात करू’ असं मोघम ठरवू नका. ‘रविवारी सकाळचा चहा झाला की लॅपटॉप उघडायचा’ असं ठरवा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात अशा ‘जर-तर’ योजनांचा अभ्यास केला. कधी आणि कुठे हे आधीच ठरलं असेल, तर काम होण्याची शक्यता वाढते.

३. कुणाला तरी सोबत बसवा. याला ‘बॉडी डबलिंग’ म्हणतात. बहिणीने शेजारी बसून स्वतःचं काम करावं किंवा मित्राने व्हिडिओ कॉल सुरू ठेवावा. अट एकच: उपदेश नको.

४. उठण्याआधी पुढची पायरी लिहा. ‘आता फॉर्म १६ डाउनलोड करायचा’ अशी चिठ्ठी लॅपटॉपवर चिकटवा. नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून आठवावं लागतं.

५. उशिराचा खुलासा एका ओळीत संपवा. सीएला मेसेज करा: “गेल्या वर्षीचं रिटर्न राहिलंय, आता काय करता येईल?” उशीर झालेली माणसं त्यांना रोजच भेटतात. मुदतीनंतरही काही वर्षं जादा कर भरून ‘अपडेटेड रिटर्न’ भरण्याची सोय बऱ्याच प्रकरणांत असते. म्हणजे वाट बहुतेक वेळा शिल्लक असते, फक्त ती विचारावी लागते.

घरच्यांनी काय करावं?

“झालं का?” हा प्रश्न दहाव्यांदा विचारल्याने लाज वाढते, काम पुढे सरकत नाही. त्याऐवजी “मी शेजारी बसू का?” असं विचारून बघा.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

कामं सगळेच पुढे ढकलतात, तेवढ्यावरून एडीएचडी ठरत नाही. लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून असतील आणि घर, नोकरी अशा एकाहून जास्त ठिकाणी अडचण होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. औषधं आणि वर्तन उपचार दोन्हींचा उपयोग होतो. औषध स्वतःच्या मनाने मात्र घेऊ नका. कुठे जायचं ते कळत नसेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.

आणि हे वाचताना तुम्हाला तुमचं एखादं रखडलेलं काम आठवलं असेल, तर ते आज पूर्ण करायचं नाहीये. त्याची फक्त पहिली पायरी कागदावर लिहा आणि शेजारी कोण बसेल त्याचं नाव.