गाडीच्या एसीत कोणता गॅस भरावा?

आमचा धंदा कापडाचा. ठाणावरच्या शिक्क्याला न भुलता सूत बोटांत धरून पाहावे, ही जुनी सवय. पण गाडीच्या एसीच्या बाबतीत आम्ही ती विसरलो आणि त्याचा भुर्दंड सोसला. आपल्या वाचकांपैकी बरेच जण गॅरेज लाईनमध्ये आहेत, बाकीच्यांकडेही धंद्यापुरती गाडी असतेच, म्हणून हा विषय घेतला आहे.

हकीकत अशी. भिवंडी-मालेगावच्या फेऱ्यांसाठी आम्ही एक जुनी गाडी घेतली होती. दर उन्हाळ्यात एसी गार करीनासा होई. कारागीर म्हणे, "शेठ, गॅस संपला," आणि भरून देई. तीन उन्हाळे असे गेले. चौथ्या वर्षी कॉम्प्रेसर जाम झाला. दुसऱ्या गॅरेजमधील उस्तादांनी जोड जरा सैल करताच स्वयंपाकाच्या गॅसचा वास आला. चार हातांवर वेल्डिंग चालू होते. उस्तादांनी आधी ते बंद करविले, गाडी ढकलून मोकळ्या जागेत नेली आणि मगच आमच्याशी बोलले.

पहिली गोष्ट, एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत तो उष्णता सोडून पातळ होतो, आतल्या कॉइलमध्ये पुन्हा वायू होताना गाडीतली उष्णता ओढून घेतो. वर्षानुवर्षे किंचित पाझर होतो, तो निराळा. पण दरवर्षी गॅस भरावा लागत असेल तर कोठेतरी गळती आहे. ती न काढता गॅस भरणे म्हणजे फाटक्या पोत्यात धान्य भरणे. शिवाय तेलही गॅसबरोबरच फिरते. गॅस कमी झाला की तेल परत येत नाही, आणि कॉम्प्रेसर कोरडा चालून मरतो. आमचा तसाच गेला.

आता कोणता गॅस? जुन्या गाड्यांत आर-१२ असे, त्यालाच लोक फ्रीऑन म्हणत. तो ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार जगभर बंद होत गेला. भारत या करारात १९९२ मध्ये सामील झाला. त्याच्या जागी आर-१३४ए आला आणि आज आपल्याकडील बहुतेक गाड्यांत तोच आहे. मात्र दोघांचे तेल वेगळे. आर-१२ बरोबर खनिज तेल चाले, आर-१३४ए मध्ये ते मिसळत नाही, त्याला पीएजी किंवा पीओई तेल लागते. म्हणून जुनी गाडी आर-१३४ए वर आणायची तर जुने तेल काढणे, ओ-रिंग आणि ड्रायर बदलणे हे सगळे आले. नुसता गॅस बदलून भागत नाही.

काही जण घरगुती एसीचा आर-२२ गाडीत भरतात. ३० अंश तापमानाला आर-१३४ए च्या बाटलीत गेजवर सुमारे ९७ पीएसआय दाब दिसतो, आर-२२ चा दाब सुमारे १५८. उन्हात तापलेल्या इंजिनाशेजारी हा फरक आणखी वाढतो. गाडीच्या नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत.

एलपीजी गार करतो, हे खोटे नव्हे. प्रोपेन हा उत्तम शीतक आहे, पण ज्या यंत्राची रचनाच त्यासाठी केली आहे त्यात. गाडीची कॉइल डॅशबोर्डमागे असते. तेथे गळती झाली तर गॅस थेट माणसांत येतो. हवेत दोन टक्क्यांहून थोडा अधिक प्रोपेन मिसळला की ठिणगी पुरे. लहान गाडीच्या बंद केबिनमध्ये त्यासाठी शंभर ग्रॅमच्या आसपास गॅस बस्स होतो. आमच्या गाडीत आम्ही कुटुंबासह बसत होतो.

बाटलीवरचे नाव बरोबर असले म्हणजे झाले, असेही नाही. आर-१३४ए म्हणून विकलेल्या मालात आर-४० म्हणजे मिथाइल क्लोराइड मिसळल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. हे रसायन ॲल्युमिनियमशी भिडले की असा पदार्थ तयार होतो जो हवा लागताच पेटतो. २०११ मध्ये समुद्री मालाच्या थंड कंटेनरांचे कॉम्प्रेसर याच भेसळीमुळे फुटून कामगार दगावले. भेसळ करणारा दाब मूळ गॅसइतका जुळवू शकतो, म्हणून गेज पाहून ती कळेलच असे नाही. त्यासाठी गॅस ओळखणारे यंत्र लागते. निदान पक्की पावती देणाऱ्या दुकानातूनच माल घ्यावा. फार स्वस्त ठाण आणि फार स्वस्त गॅस, दोन्हींत काहीतरी कमी असते.

गाडीवाल्याने करायचे ते थोडकेच. बॉनेटखाली एक पट्टी असते, तीवर गॅसचे नाव आणि वजन लिहिलेले असते. लहान गाडीत ते अर्ध्या किलोच्या आतबाहेर असते. कारागिराने आधी गळती शोधावी, मग व्हॅक्यूम पंपाने हवा व ओल काढावी आणि वजनकाट्यावर गॅस भरावा. "हाताला गार लागला, बस" हे माप नव्हे. गळतीची तपासणी नायट्रोजनने करावी. ऑक्सिजन कधीही वापरू नये, तेलाशी मिळून स्फोट होतो. आणि गॅस शिल्लक असलेल्या नळीवर झाळ लावू नये, कारण ज्वालेत त्याचा विषारी, ॲसिडी धूर होतो.

नव्या परदेशी गाड्यांत आर-१२३४वायएफ येतो. आर-१३४ए हवेत सुटल्यास कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट उष्णता अडवतो, म्हणून युरोपने २०१७ पासून सर्व नव्या गाड्यांत तो बंद केला. आर-१२३४वायएफ महाग आहे, थोडा ज्वालाग्राहीही आहे आणि त्याचे जोडही निराळे आहेत. त्या गाडीत स्वस्त म्हणून आर-१३४ए कोंबू नये. हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांचे इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर आणखी नाजूक. त्यांत बहुधा पीओई तेल असते. चुकून पीएजी गेले तर विजेची गळती होऊ शकते.

किगाली कराराला भारताने २०२१ मध्ये मंजुरी दिली. त्यानुसार आर-१३४ए च्या जातीच्या गॅसांचा वापर २०२८ पासून ठरावीक मर्यादेत राहील आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटेल. जी मुले आज या कामासाठी मशीन घेत आहेत, त्यांनी गाडीतला जुना गॅस हवेत न सोडता ओढून साठवणारे मशीन घ्यावे आणि दोन गॅसांसाठी दोन वेगळ्या नळ्या-बाटल्या ठेवाव्यात.