पाण्याखालची काच

मालवणच्या समुद्रात खोल उतरल्यावर मास्कची काच धुरकटली, तर सिलिंडरमध्ये किती हवा उरली हेही दिसत नाही आणि नवखा पाणबुड्या घाबरतो. नाकातून येणारी उबदार, दमट हवा थंड काचेवर थेंबांच्या रूपाने साचते. नव्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर असतो. त्यावर हे थेंब चटकन धरतात. म्हणून पहिल्या बुडीआधी साध्या टूथपेस्टने काच आतून चोळून धुवावी. काचेला लेप दिलेला असल्यास मात्र टूथपेस्ट नको. दरवेळी उतरताना बेबी शाम्पूचा थेंब लावून हलके विसळावे. मग पाणी थेंब न धरता सपाट पसरते. वर आल्यावर मास्क गोड्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवावा. उन्हात सिलिकॉन पिवळे पडते. प्रवाळ पाहायचे, तर आधी काचेकडे पाहावे.