लांबची वाट, लवकर पोच

अंतर भागिले वेग म्हणजे वेळ, हे कॅडेट्सना पाठ असते. पण वेग कोणता, हे मी वर्गात मुद्दाम विचारतो.

एअर इंडियाचे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान पूर्वी पश्चिमेला, अटलांटिकवरून जाई. अंतर सुमारे 13,900 किमी. ऑक्टोबर 2016 मध्ये ते पूर्वेला, पॅसिफिकवरून नेले. वाट सुमारे 1,400 किमीने वाढली, तरी विमान साडेचौदा तासांत, म्हणजे जवळजवळ दोन तास लवकर पोचले!

‘सर, पृथ्वी फिरते म्हणून’ हे उत्तर दरवर्षी येते. पण पृथ्वीबरोबर हवाही फिरतेच की. खरे कारण जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे. विमानाचा हवेतला वेग ताशी 800 किमी आणि पाठीमागून वारा 138 असेल, तर जमिनीच्या हिशेबाने वेग 938. तोच वारा समोरून आला तर 662. इंजिन तेच, वैमानिक तोच, पण इंधन किती घ्यायचे ते वाऱ्यावर ठरते. महासागरावर वाटेत पंप नसतो.

आता सुटीतले गणित. ऑक्टोबरात पहाटे 4 ला दिल्लीहून निघालेले हे विमान तिथल्या घड्याळाप्रमाणे त्याच तारखेला सकाळी 6 ला उतरेल. साडेबारा तास कुठे गेले, ते घरी आईबाबांना समजावून सांगा.