उन्हाळ्याच्या सुटींतील उमेदवारी

विद्यार्थिमित्रहो, वार्षिक परीक्षा आटोपली कीं पहिले आठ दिवस आनंदांत जातात; पुढें मात्र ‘आतां करावें काय?’ हा प्रश्न घरोघरीं उभा राहतो. त्यास एक चांगलें उत्तर आहे, तें म्हणजे उमेदवारी. जाणत्या माणसाच्या हाताखालीं कांहीं आठवडे राहून त्याचें काम पाहणें व करणें, यास उमेदवारी म्हणतात.

पेणकर मुलांस त्यासाठीं दूर जावयास नको. गणेशमूर्तींचे कारखाने शहरांत, तसेच हमरापूर, जोहे या गांवीं आहेत. मूर्ति वाळण्यास ऊन लागतें. म्हणून पावसाळ्यापूर्वींचे महिने तेथें घाईचे असतात, आणि तीच आपली सुटी! शाडूची माती मळणें, ती साच्यांत दाबणें, सांधे जोडणें, वाळवणें, घासणें, रंग देणें व शेवटीं डोळ्यांची आखणी, असा हा क्रम आहे. आखणी कसलेल्या हाताकडेच असते. नवशिक्यानें मळण्यापासून आरंभ करावा; ज्यास शेवटची पायरी चढावयाची आहे, त्यानें पहिलीचा कंटाळा करूं नये. मात्र घासण्याची धूळ व रंगाचा फवारा यांपासून मुलांनीं दूरच राहावें.

रोह्याची गोष्ट निराळी. तेथें धाटावच्या औद्योगिक वसाहतींत रासायनिक कारखाने आहेत. पण तें काम मुलांचें नव्हे. १९८६ च्या बालकामगार कायद्यांत २०१६ सालीं सुधारणा झाली. तीअन्वयें १४ वर्षांखालील मुलास कामावर ठेवतां येत नाहीं. शाळेची वेळ व अभ्यास सांभाळून घरच्या निर्धोक धंद्यांत मदत करणें एवढाच मुख्य अपवाद. १४ ते १८ वर्षांच्या मुलांस धोक्याचें काम देण्याची मनाई आहे. इतर कामाचा दिवसही विश्रांतीसह ६ तासांचा असावा, सायंकाळीं ७ ते सकाळीं ८ पर्यंत काम नसावें आणि आठवड्यास एक सुटी मिळावी. तेव्हां रोहेकर मुलांनीं वाचनालय, पुस्तकांचें दुकान, शिंपीकाम, रोपवाटिका किंवा हिशेबाची पेढी यांकडे वळावें.

काम मिळवावें कसें? परीक्षेपूर्वींच, मार्च महिन्यांत, वडील किंवा आई यांसह मालकास प्रत्यक्ष भेटावें. मुख्याध्यापकांचें शिफारसपत्र जवळ असावें. तीन गोष्टी आधींच विचाराव्या: काय शिकवाल, किती तास, आणि मोबदला काय? पुढें रोज रात्रीं त्या दिवशीं शिकलेलें वहींत टिपून ठेवावें.

पालकांसही एक विनंति आहे. चार पैसे घरांत येतात म्हणून मुलास कोठेंही धाडूं नये; अधूनमधून स्वतः जाऊन पाहावें. जेथें काम घेतात पण शिकवीत नाहींत, तेथें उमेदवारी नव्हे, वेठ होय. तेथून मुलास परत आणावें.

प्रेषित पौल हा मोठा विद्वान, तरी तंबू करून आपलें पोट भरीत असे. हातांस माती लागल्यानें विद्येस कमीपणा येत नाहीं. जून महिन्यांत शाळा उघडेल, तेव्हां आपली वही गुरुजींस अवश्य दाखवा.