नव्वद लाख विड्या

जगात दरवर्षी ४० लाख टनांहून अधिक पर्सिमन हे फळ पिकतं, त्यातलं बहुतांश एकट्या चीनमध्ये. त्याच कुळातलं आपलं झाड म्हणजे टेंभुर्णी, अर्थात तेंदू. उन्हाळ्यात पिकणारी त्याची पिवळी गोड फळं रानाकाठची मुलं खातात आणि थोडीफार आठवडी बाजारात येतात. त्यांचे टन कुणी मोजत नाही. अहिल्यानगरला हे झाड माहीत आहे ते पानामुळे. शहरातल्या पद्मशाली समाजाच्या वस्त्यांत आणि संगमनेरमध्ये बायकांच्या कित्येक पिढ्या याच पानाच्या विड्या वळत आल्या.

पानांची मोजदाद मात्र काटेकोर असते. गडचिरोली-गोंदियाच्या जंगलात उन्हाळ्यात पानं तोडतात, ७० पानांचा एक पुडा बांधतात. असे १००० पुडे म्हणजे एक प्रमाण बोरा : ७०,००० पानं. आणि यातलं प्रत्येक पान हातानं खुडलेलं!

मजुरी ठरते दर हजार विड्यांमागे. दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईचे आठ तास धरले, तर एका विडीला २९ सेकंदही मिळत नाहीत. तेवढ्यात भिजवलेलं पान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. शिवाय घरचा स्वयंपाक, पाणी, पोरं आहेतच. एका पानाची एकच विडी धरली तर तो अख्खा बोरा ती एकटी ७० दिवसांत संपवते.

आता वर्षाचे ३०० दिवस आणि कामाची ३० वर्षं धरू. ९० लाख विड्या होतात. एक विडी सहा सेंटिमीटरची मानली, तर ओळ भरते ५४० किलोमीटरची, म्हणजे अहिल्यानगरहून मुंबईला जाऊन परत येण्याहूनही लांब. विडीत तंबाखू जेमतेम पाव ग्रॅमपर्यंत असते. ०.२ ग्रॅम धरली तरी दिवसाला २०० ग्रॅम, वर्षाला ६० किलो आणि आयुष्यभरात १८०० किलो. एवढी तंबाखू तिच्या बोटांतून जाते, तंबाखूची धूळ श्वासात जाते. मला सगळ्यांत जास्त हाच आकडा छळतो, कारण ओढणाऱ्याच्या आजाराबद्दल आपण निदान बोलतो तरी.

या हिशेबात छाट विड्या धरलेल्या नाहीत. तपासणीत नापास झालेली विडी मजुरीत मोजली जात नाही. ती वळायलाही तेवढेच सेकंद लागलेले असतात.